जातिलुविह : लावणीची तारीख सर्वांनी मिळून ठरवणारे बालीतील भातगाव

भात पोटरीत आला की तपकिरी तुडतुड्यांची तक्रार सुरू होते. आपण फवारणी करतो, आठ-दहा दिवस बरे जातात आणि मग शेजारच्या खाचरातून कीड पुन्हा आपल्या बांधावर येते. शेजाऱ्याची लावणी आपल्यापेक्षा तीन-चार आठवडे पुढेमागे झालेली असेल, तर किडीला आयतेच एका ताटावरून दुसऱ्या ताटावर जाता येते. यावर "परिसरातील सर्वांनी एकाच वेळी लावणी करावी" हा सल्ला तुम्ही अनेकदा वाचला असेल. सल्ला बरोबर आहे. पण पाणी आधी कोणाला, चिखलणी आधी कोणाची आणि एखाद्याने ऐकलेच नाही तर काय, याबद्दल त्या सल्ल्यात एक ओळही नसते.

इंडोनेशियातील बाली बेटावर जातिलुविह नावाचे एक लहान गाव आहे. तेथील भातशेतकऱ्यांनी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे फार पूर्वी बसवून घेतली आणि आजही ती बऱ्याच अंशी वापरात आहेत. गावाचे फोटो तुम्ही पाहिले असतील, कारण बालीच्या पर्यटनाच्या प्रत्येक जाहिरातीत हिरव्या पायऱ्यापायऱ्यांचा जो डोंगर दिसतो तो बऱ्याचदा इथलाच असतो. फोटोत न दिसणारी व्यवस्था या लेखात पाहू.

गाव आणि जमीन

जातिलुविह हे बालीच्या ताबानान जिल्ह्यातील पेनेबेल तालुक्यात येते. बातुकारु हा सुमारे 2,270 मीटर उंचीचा जुना ज्वालामुखी डोंगर आहे. त्याच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर गाव वसले आहे. वरच्या अंगाला दाट जंगल, त्या जंगलातून येणारे झरे आणि ओढे, आणि त्यांच्या खाली सुमारे 300 हेक्टर भातखाचरे. खाचरे उताराच्या वळणाप्रमाणे कोरलेली आहेत. त्यांचे बांध मातीचेच आहेत आणि काही खाचरे इतकी अरुंद आहेत की बैल किंवा यंत्र वळवायला जागा नाही. तिथे कुदळच चालवावी लागते.

जमीन मोजण्याची पद्धत आपल्याला ओळखीची वाटेल. बालीतील शेतकरी जमीन आरमध्ये सांगतो, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर हेक्टरनंतर जो आर लिहिलेला असतो तोच. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, जवळपास आपला एक गुंठा. बालीत 30-40 आर भातशेती असलेला शेतकरी सर्वसाधारण समजला जातो. तेव्हा हे मोठ्या बागायतदारांचे गाव असेल असा समज करून घेऊ नका. आपल्या कोकणातल्या किंवा मावळातल्या भातशेतकऱ्याइतकीच तिथली जमीन लहान आहे.

हवामानात मात्र एक मोठा फरक आहे. बाली विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. तिथे मुख्य पाऊस नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो, म्हणजे आपल्याकडे रब्बी उभी असते तेव्हा. थंडी अशी नाहीच. पाणी असेल तर वर्षाच्या कोणत्याही महिन्यात भात लावता येतो. वरवर ही सोय वाटते, पण अडचणीचे मूळही इथेच आहे. आपल्याकडे खरिपात पाऊसच सर्वांची लावणी साधारण एका वेळी आणतो. बालीत तसे आपोआप होत नाही. प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा लावणी केली, तर शिवारात बाराही महिने कुठे ना कुठे हिरवा भात उभा राहील आणि किडीला उपास कधीच पडणार नाही.

लाल भात

जातिलुविहची ओळख तिथल्या स्थानिक लाल भाताने आहे. हे उंच वाढणारे वाण आहे, छातीपर्यंत सहज येते. तयार व्हायला पाच ते सहा महिने लागतात. सर्वसाधारणपणे जानेवारीच्या आसपास लावणी आणि जुलैच्या सुमारास कापणी होते. त्यानंतरच्या हंगामात लवकर येणारा पांढरा भात घेतात. म्हणजे वर्षात दोन पिके, त्यातले एक सावकाश येणारे.

कापणीची जुनी पद्धत वेगळी आहे. तळहातात मावेल एवढ्या लहान पात्याने एक-एक लोंबी देठासह कापायची. या पात्याला तिकडे आनी-आनी म्हणतात. कापलेल्या लोंब्यांच्या पेंढ्या बांधायच्या, उन्हात वाळवायच्या आणि खांबांवर उभारलेल्या लाकडी कोठारात रचून ठेवायच्या. आपली कणगी जमिनीवर असते, यांचे कोठार उंदरांपासून आणि ओलीपासून वाचवण्यासाठी वर उचललेले असते. हे काम वेळखाऊ आहे. पण उंच वाणाच्या लोंब्या एकाच दिवशी सारख्या पिकत नाहीत, त्यामुळे पिकलेली तेवढी वेचून घेता येते. बियाण्यासाठी चांगली लोंबी निवडणेही त्याच वेळी होते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या वाणाचे गुणदोष सांगायचे तर उत्पादन सुधारित वाणांपेक्षा कमी येते आणि शेत सहा महिने अडकून राहते. युरिया जास्त पडला तर उंच ताट लोळते. उलट बाजूला, खताची मागणी कमी आहे, पेंढा भरपूर मिळतो आणि तांदळाला पांढऱ्या तांदळापेक्षा चांगला दर मिळतो. लाल रंग दाण्याच्या वरच्या कोंड्याच्या थरात असतो, म्हणून हा तांदूळ फक्त सडतात, पॉलिश करत नाहीत. कोंड्यातील तेलामुळे असा तांदूळ सडल्यावर फार दिवस ठेवता येत नाही, त्याला खवट वास लागतो. त्यामुळे भात साठवायचा आणि लागेल तसा सडायचा, ही रीत तिथे टिकून आहे. आपल्याकडे लाल भात पिकवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. भाजलेल्या लाल तांदळाचा चहासारखा काढा करून तो पाकिटात विकण्याचा व्यवसाय गावात चालतो. पर्यटकांना तो आवडतो. चव मक्याच्या लाह्यांच्या जवळ जाणारी असते, असे म्हणता येईल.

सुबाक म्हणजे काय

आता मुख्य विषयाकडे वळू. एका बंधाऱ्यातून किंवा एका पाटातून ज्यांच्या खाचरांना पाणी मिळते, त्या सर्व शेतकऱ्यांची मिळून जी संस्था बनते तिला सुबाक म्हणतात. तुम्ही कोणत्या गावात राहता, कोणत्या घराण्यातले आहात याचा सभासदत्वाशी संबंध नाही. तुमचे शेत ज्या पाटावर आहे, त्या सुबाकचे तुम्ही सभासद. एखाद्याची शेते दोन वेगवेगळ्या पाटांवर असतील तर तो दोन्ही सुबाकांचा सभासद असतो आणि दोन्हीकडे कामाला हजर राहतो. गावपंचायत वेगळी, देवस्थानाची मंडळी वेगळी आणि पाण्याची संस्था वेगळी. गावकीतले जुने वाद पाण्याच्या बैठकीत यायला यामुळे थोडा अटकाव होतो.

बालीत अशा सुमारे 1,200 सुबाक आहेत. एका सुबाकमध्ये साधारण 50 ते 400 शेतकरी असतात. पद्धत नवव्या शतकापासूनची मानली जाते. 2012 मध्ये युनेस्कोने बालीच्या सुबाक पद्धतीला जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात बातुकारु डोंगराच्या पायथ्याचा जातिलुविहसह परिसर आहे.

सुबाकच्या प्रमुखाला पेकासेह म्हणतात. त्याला सभासद निवडतात. मोठ्या सुबाकचे लहान भाग पाडलेले असतात, त्याला तेम्पेक म्हणतात. जातिलुविहच्या सुबाकमध्ये असे सात भाग आहेत. प्रत्येक भागाचा आपला म्होरक्या असतो. नियम लेखी असतात. पाटातला गाळ काढायच्या दिवशी कोण आले, कोण नाही याची नोंद होते, गैरहजर राहणाऱ्याला दंड होतो. दुसऱ्याच्या हिश्श्याचे पाणी रात्री वळवून घेणाऱ्याला दंड होतो. ज्याला अंगमेहनतीला येणे शक्य नाही त्याने त्याबदल्यात ठरलेला मोबदला द्यायचा. यात फार नवल वाटण्यासारखे काही नाही. आपल्याकडेही पाणी वापर संस्थांच्या पोटनियमांत जवळपास हेच लिहिलेले असते. सुबाकचे वेगळेपण त्यापुढच्या दोन गोष्टींत आहे.

पाणी मोजायचे कसे

पहिली गोष्ट पाण्याच्या मापाची. पाट जिथे दोन किंवा तीन फाट्यांत विभागतो तिथे प्रवाहात एक आडवा ओंडका किंवा दगडी उंबरा बसवलेला असतो. त्यावर खाचा पाडलेल्या असतात. सर्व खाचांची खोली सारखी, रुंदी मात्र हिश्श्याप्रमाणे कमी-जास्त. ज्या फाट्यावर जास्त क्षेत्र त्याची खाच रुंद. पाट भरून वाहत असो वा अर्धा आटलेला असो, प्रत्येक फाट्याला त्याच प्रमाणात पाणी जाते. तासांचा हिशेब नको, कुलूप नको, रात्री टॉर्च घेऊन पाळी सांभाळायला नको. उन्हाळ्यात पाणी कमी झाले की सर्वांचेच कमी होते. आणि कोणी खाच रुंद केली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावरून जाणाऱ्या कोणालाही ती दिसते. चोरी उघड दिसावी अशी रचना असणे, ही माझ्या मते कोणत्याही पाणीवाटपाची अर्धी बाजी आहे.

पाण्याच्या या हिश्श्याला तेक्तेक म्हणतात. कामाची वाटणीही त्याच मापाने होते. जितके हिस्से पाणी, तितके हिस्से श्रम.

वरचा शेतकरी खालच्याला पाणी का सोडतो

दुसरी गोष्ट लावणीच्या वेळापत्रकाची. संपूर्ण पद्धतीचा जीव इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर पाहू.

समजा एका ओढ्यावर दोन शिवारे आहेत, एक वर आणि एक खाली. चिखलणी आणि लावणीच्या दोन-तीन आठवड्यांत भाताला सर्वांत जास्त पाणी लागते. दोघांनी एकाच वेळी लावणी करायची म्हटली तर त्या काळात पाणी पुरत नाही आणि खालचा कोरडा राहतो. म्हणून खालच्याला वाटते की लावण्या मागे-पुढे असाव्यात. वरच्याला पाण्याची चिंता नाही, तो हवे तेवढे आधी घेऊ शकतो. पण त्याला किडीची चिंता आहे. त्याची कापणी झाल्यावर खालच्या शिवारात हिरवा भात उभा राहिला, तर तुडतुडे आणि खोडकिडा तिथे तग धरतात आणि वरच्याची पुढची लावणी झाली की वर चढतात. म्हणजे वरच्याला वाटते की खालच्याने आपल्याबरोबरच लावावे आणि आपल्याबरोबरच कापावे. त्यासाठी त्याला खालच्याला वेळेवर पाणी सोडावे लागते.

खालच्याला पाणी हवे, वरच्याला कीडमुक्त शेजार हवा. दोघांची गरज एकमेकांच्या हातात आहे. पाण्याच्या बाबतीत वरचा बलवान आणि किडीच्या बाबतीत खालचा. बालीच्या शेतकऱ्यांनी हा सौदा ओळखला आणि बैठकीत आणला.

वेळापत्रक प्रत्यक्षात असे चालते. एका सुबाकमधील सर्वजण एकाच सुमारास लावतात आणि कापणीनंतर सर्व खाचरे एकाच वेळी रिकामी ठेवतात. तपकिरी तुडतुड्यांचे पोट मुख्यतः भातावरच भरते. शेकडो एकरांत काही आठवडे भातच नसेल तर त्यांची पिढी तुटते. या मोकळ्या काळात खाचरांत बदके सोडतात. ती सांडलेले दाणे, गोगलगायी आणि किडी खातात, शेणखतासारखी विष्ठा टाकतात आणि काही दिवसांत अंडी-मांसाच्या रूपाने थोडे उत्पन्नही देतात. एका ओढ्यावरच्या सर्व सुबाक मात्र एकाच दिवशी सुरू करत नाहीत. पाणी पुरेल अशा बेताने काही आधी, काही मधे, काही शेवटी असे गट पडतात. कोणी आधी आणि कोणी शेवटी, हे दरवर्षी फिरवताही येते.

इथे गटाचा आकार महत्त्वाचा ठरतो. गट फार लहान असेल तर शेजारच्या गटातून कीड उडून येते आणि रिकामे ठेवण्याचा फायदा मिळत नाही. गट फार मोठा असेल तर लावणीला पाणी पुरत नाही. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि पर्यावरणशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांनी बालीतील ओस आणि पेतानू या नद्यांवरील 172 सुबाकांचा संगणकावर अभ्यास केला आणि 1993 मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येकाने आपापले लावले तर काय, सगळ्यांनी एकदम लावले तर काय आणि देवळांच्या गटांप्रमाणे लावले तर काय, असे पर्याय त्यांनी तपासले. सर्वांत चांगले उत्पादन शेतकऱ्यांनी पूर्वीपासून धरलेल्या देवळांच्या गटांच्या जवळपासच्या रचनेत आले.

देवळांचे गट म्हणजे काय, हे सांगायला हवे. बाली हिंदू बेट आहे. प्रत्येक बंधाऱ्यावर, पाटाच्या तोंडाशी आणि शेताच्या वरच्या कोपऱ्यात लहान-मोठे देऊळ असते. भाताची देवता देवी श्री. एका देवळाशी जोडलेले सुबाक एकत्र बसून पुढील हंगामाचे वेळापत्रक ठरवतात. पाट उघडताना, रोप टाकताना, भात पोटरीत येताना, कोठार भरताना ठरलेले विधी असतात आणि विधीची तारीख म्हणजेच कामाची तारीख. आपल्याकडे नक्षत्रावर पेरणी ठरते तसेच. यामागच्या विचाराला ते त्रि हित करण म्हणतात, देव, माणूस आणि निसर्ग या तिघांशी नीट संबंध ठेवणे. शब्द आपल्याला ऐकताच कळतो.

सत्तरच्या दशकातील धडा

ही पद्धत बाजूला ठेवली की काय होते, हे बालीने एकदा पाहिले आहे. 1970 च्या दशकात इंडोनेशिया तांदूळ आयात करत होता आणि उत्पादन वाढवणे ही सरकारची खरी निकड होती. लवकर येणारी अधिक उत्पादनाची वाणे, खत आणि कीटकनाशक यांचे पॅकेज शेतकऱ्यांना कर्जावर देण्यात आले आणि शक्य तितक्या वेळा भात लावा, असे सांगण्यात आले. 1977 पर्यंत दक्षिण बालीतील सुमारे 70 टक्के भातक्षेत्र नव्या वाणांखाली गेले. सुरुवातीला उत्पादन वाढले. पण लावणीचे वेळापत्रक मोडले. कोणाचे शेत कधीही रिकामे, कोणाचे कधीही हिरवे. पाण्याची भांडणे वाढली आणि तुडतुडे, त्यांच्यामार्फत पसरणारा टुंग्रो हा विषाणूजन्य रोग असे एकामागून एक येऊ लागले. एका किडीला प्रतिकारक वाण आणले की दुसरे काही उभे राही.

फवारणीने प्रश्न सुटला नाही, उलट वाढला. तपकिरी तुडतुडे बुंध्याशी बसतात आणि त्यांची अंडी पानाच्या आवरणात असतात. सर्वव्यापी कीटकनाशकाने वर फिरणारे कोळी आणि तुडतुड्यांची अंडी खाणारे ढेकूण आधी मरतात. आठवड्याभराने अंड्यातून पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारे कोणी उरलेले नसते. इंडोनेशियाला 1984 मध्ये तांदळात स्वयंपूर्णता मिळाली, पण लगेच तुडतुड्यांच्या उद्रेकाने ती धोक्यात आली. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घालण्यात आली आणि एकात्मिक कीड व्यवस्थापन हे सरकारी धोरण झाले. आज आपल्याकडे चालणाऱ्या शेतीशाळांचे मूळ इंडोनेशियातील त्याच कार्यक्रमात आहे.

बालीत बरेच शेतकरी याच सुमारास देवळांच्या वेळापत्रकाकडे परतले. नवी वाणे त्यांनी टाकून दिली नाहीत, हे लक्षात घ्या. आजही बालीतील बहुतांश भात सुधारित वाणांचाच आहे आणि जातिलुविहमध्येही दुसऱ्या हंगामात लवकर येणारा भात असतो. परत आली ती एकत्र लावण्याची आणि एकत्र शेत रिकामे ठेवण्याची शिस्त.

खताबाबतही एक उपयुक्त निरीक्षण आहे. बालीचे पाणी ज्वालामुखी खडकांतून झिरपून येते आणि स्फुरद व पालाश सोबत आणते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की पॅकेजमधून दिलेले जादा स्फुरद-पालाश पिकाने फारसे घेतलेच नाही, ते नदीतून समुद्रात वाहून गेले. आपल्या पाण्याला हे लागू होईलच असे नाही. पण माती परीक्षण न करता ठरावीक पोती टाकणे किती महाग पडते, याचे हे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण आहे.

आपल्याकडची फड पद्धत

हे सारे परदेशी वाटत असेल तर धुळे-नाशिक भागातील फड पद्धत आठवा. पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांतून काही शतके असेच सामूहिक सिंचन चालत आले. पाटाखालच्या क्षेत्राचे फड पाडलेले, एका फडात सर्वांचे एकच पीक, कोणत्या फडात ऊस आणि कोणता फड पडीक हे दरवर्षी मिळून ठरायचे आणि पाणी द्यायला पाटकरी नेमलेला. शेतकऱ्याने स्वतः पाणी फोडायचे नाही, हा नियम. मोठी धरणे झाल्यावर आणि विहिरी-पंप आल्यावर यातले बरेच मागे पडले. ज्याची स्वतःची विहीर आहे त्याला पाटाच्या बैठकीला येण्याची गरज वाटेनाशी झाली. जातिलुविहच्या उंच डोंगरउतारावर तसे झाले नाही, कारण तिथे पाटाला पर्यायच नाही. सुबाक टिकण्यामागे तत्त्वज्ञानाइतकेच हेही कारण आहे.

आज गावापुढे काय आहे

जातिलुविहला 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने उत्कृष्ट पर्यटन गावांच्या यादीत घेतले. गावात शिरताना प्रवेश शुल्क द्यावे लागते आणि त्यातील वाटा गावाच्या संस्थांना व सुबाकला मिळतो. पैसा येतो हे चांगलेच. पण तो सर्वांना सारखा येत नाही. रस्त्याकडेला ज्याचे खाचर आहे तो उपाहारगृह काढू शकतो. उताराच्या मध्यावर ज्याचे खाचर आहे तो फक्त भात लावू शकतो आणि पर्यटक फोटो काढतात तो नेमका त्याच्या भाताचा. आपल्या शेतात बांधकाम करू नये, यासाठी त्याला काय मिळणार, हा तिथला सर्वांत नाजूक प्रश्न आहे.

भातखाचर एकटे नसते. वरच्या एका खाचरावर इमारत उभी राहिली तर पाटाची वाट वळते, सांडपाणी खाली येते आणि खालच्या दहा खाचरांचे गणित बिघडते. दक्षिण बालीत हॉटेले, घरे आणि रस्ते यांच्याखाली भातजमीन गेली तिथे सुबाकही संपले. हॉटेलांना पाणीही लागते आणि तेही डोंगरातूनच येते. शिवाय शेतीपेक्षा हॉटेलातली नोकरी बरी, असे तरुणांना वाटते. सहा महिने चिखलात काढून मिळणारा पैसा आणि दर महिन्याचा पगार यांची तुलना कोणीही करील. जातिलुविहमध्ये लाल तांदळाला मिळणारा चढा दर आणि प्रवेश शुल्कातला वाटा यांवर हे गणित सध्या तोलले जात आहे.

आपल्या शिवारात काय करता येईल

खरिपात पाऊस आपल्याला एकत्र आणतो. अडचण होते ती उन्हाळी भाताची. भंडारा-गोंदिया भागात तलावाच्या किंवा कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान घेतले जाते आणि कोकणातही पाण्याच्या सोयीने घेतात. खरीप कापणी आणि उन्हाळी लावणी यांच्यात शिवार कधी रिकामे असतेच असे नाही. तुमच्या तलावाखाली अशी स्थिती असेल तर सगळा गाव जमवण्याची वाट पाहू नका. एका चारीवरचे किंवा एका मोरीखालचे शेतकरी एवढाच गट धरा. रोपवाटिका टाकण्यापूर्वी, शक्यतो खरीप कापणी चालू असतानाच, एकदा बसा. सर्वांच्या लावण्या दोन आठवड्यांच्या आत बसतील अशी रोप टाकण्याची तारीख ठरवा आणि सारख्या कालावधीची वाणे निवडा. गटात एकाचे वाण 110 दिवसांचे आणि दुसऱ्याचे 150 दिवसांचे असेल तर लावणी एकत्र करूनही उपयोग होत नाही. ही चूक सर्रास होते.

कापणीनंतर धसकटे तशीच राहू देऊ नका. त्यांना फुटवा येतो आणि खोडकिड्याच्या अळ्या त्यातच मुक्काम करतात. कापणीनंतर लवकर नांगरून ती गाडली तर रिकाम्या काळाचा खरा फायदा मिळतो. हे काम गटातल्या एकाने केले नाही तरी कीड त्याच्या शेतातून सर्वांकडे पोचते, म्हणून नांगरणीची शेवटची तारीखही त्याच बैठकीत लिहून ठेवा. पाणी सोडण्याची विनंती पाटबंधारे कार्यालयाकडे करायची असेल तर गटाच्या ठरलेल्या तारखांचा कागद अर्जासोबत जोडा. वरच्या चारीवाल्यांनाही बैठकीला बोलवा आणि त्यांच्यापुढे पाण्याआधी तुडतुड्यांचा विषय काढा.